नीटची तयारी: पुस्तकांची आणि कागदपत्रांची

वैद्यकीय प्रवेशाचा विषय निघाला की कोल्हापुरात पहिला प्रश्न असतो तो गुणांचा. कोणाच्या मुलाला किती पडले, तो कोणत्या क्लासला होता, कट-ऑफ कितीवर थांबेल, यापलीकडे बोलणे सहसा जात नाही. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना आणि दरवर्षी निकालानंतर मुलांचे फॉर्म भरून देताना माझे मत मात्र पक्के होत गेले आहे, की नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेच्या, तयारीला दोन बाजू आहेत: एक पुस्तकांची आणि दुसरी कागदपत्रांची. पहिलीसाठी सगळे घर दोन वर्षे राबते. दुसरी निकाल लागल्यावर आठ-पंधरा दिवसांत उरकू, असे गृहीत धरले जाते. शहरातल्या नोकरदार घरांना ते कसेबसे जमतेही. पण चंदगड, भुदरगड, शाहूवाडीकडून येणाऱ्या, घरातल्या पहिल्याच पिढीत एवढे शिकणाऱ्या मुलांचे खरे नुकसान या दुसऱ्या बाजूने होते. म्हणून दोन्हींची सुरुवात अकरावीच्या पहिल्या सत्रातच व्हावी, असे मला कळकळीने सांगायचे आहे.

पात्रतेचे मूळ नियम थोडके आहेत. प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. कमाल वयाची अट आता नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन उत्तीर्ण व्हावे लागते, आणि पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी किमान ५० व राखीव प्रवर्गांसाठी किमान ४० टक्के गुण लागतात. बारावीचे गुण गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत, एवढेच ऐकून बोर्डाच्या परीक्षेकडे पाठ फिरवणारी मुले असतात. त्यांना हा उंबरठा वेळेवर दाखवावा लागतो. नीटमध्ये खुल्या प्रवर्गाला ५०वे आणि राखीव प्रवर्गांना ४०वे पर्सेंटाइल गाठले की मूल पात्र ठरते. ५०वे पर्सेंटाइल म्हणजे ५० टक्के गुण नव्हेत, तर परीक्षा दिलेल्या निम्म्या मुलांच्या पुढे असणे. २०२५ मध्ये खुल्या प्रवर्गासाठी ही रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर होती. त्या वर्षी २२ लाखांवर मुलांनी परीक्षा दिली आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरली, तर देशातल्या एमबीबीएसच्या सरकारी आणि खासगी अशा सगळ्या जागा मिळून सव्वा लाखाच्या आसपास भरतात. मुलगी क्वालिफाय झाली म्हणून पेढे घेऊन येणाऱ्या पालकांच्या आनंदात मी मनापासून सहभागी होते, पण पात्र ठरणे आणि जागा मिळणे यांतले अंतर त्याच बैठकीत त्यांना समजावून सांगते.

आता पुस्तकांकडे वळते. परीक्षा १८० प्रश्नांची आणि १८० मिनिटांची आहे. त्यांत ९० प्रश्न जीवशास्त्राचे, ४५ भौतिकशास्त्राचे आणि ४५ रसायनशास्त्राचे असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. २०२१ ते २०२४ या काळात प्रत्येक विषयात काही ऐच्छिक प्रश्न असत. २०२५ पासून ती सवलत गेली आणि मधल्या काळात मिळालेली जादा २० मिनिटेही गेली. बाजारात मिळणारे जुने सराव संच त्या सवलतीच्या पद्धतीचे असतात, हे विकत घेताना पाहून घ्यावे. गुणांच्या आकड्यांबद्दलही सावध राहायला हवे. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतर १७ मुलांना पैकीच्या पैकी ७२० गुण होते, तर २०२५ मध्ये भौतिकशास्त्राचा भाग इतका कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते. ‘गेल्या वर्षी एवढ्याला मिळाले होते, मग यंदा का नाही’ या हिशेबाला म्हणूनच अर्थ उरत नाही. तुलना करायचीच तर ती अखिल भारतीय क्रमांकाची करावी.

महाराष्ट्रातल्या मुलांची खास अडचण दोन पुस्तकांची आहे. २०१७ पासून राज्यातले वैद्यकीय प्रवेश पूर्णपणे नीटवर होऊ लागले, आणि नीटचा पाया एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेची पुस्तके हा आहे; आपली मुले मात्र बारावीची परीक्षा राज्य मंडळाच्या पुस्तकांवर देतात. दोन्ही अभ्यासक्रम बरेचसे जुळतात, पण पूर्ण जुळत नाहीत. नीटचा अभ्यासक्रम २०२४ च्या परीक्षेपासून कमी झाला. रसायनशास्त्रातून स्थायू अवस्था, पृष्ठभाग रसायनशास्त्र, बहुवारिके हे भाग वगळले गेले, आणि जीवशास्त्रातून पचनसंस्था व वनस्पतींचे खनिज पोषण यांसारखी प्रकरणे गेली. आपल्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण स्थायू अवस्था हे आहे. जून महिन्यात नव्या उत्साहाने मुले त्यावर दोन-तीन आठवडे घालवतात आणि ते नीटसाठी लागत नाही हे त्यांना फार उशिरा कळते. ते बोर्डासाठी करायलाच हवे. पण कोणते प्रकरण कशासाठी करतो आहोत, हे अनुक्रमणिकेसमोर बसून पहिल्याच आठवड्यात ठरवले तर पुढचे वेळापत्रक नेमके होते. नीटच्या अधिकृत अभ्यासक्रमाची प्रत काढून ती वहीच्या पहिल्या पानावर चिकटवण्याचा आग्रह मी धरते.

याहून मोठी हानी अकरावीच्या दुर्लक्षामुळे होते. बोर्डाच्या परीक्षेत फक्त बारावीचा भाग येतो, त्यामुळे दहावीनंतरचे वर्ष विश्रांतीचे, अशी समजूत घराघरांत रुजलेली आहे. नीटचा जवळपास निम्मा भाग अकरावीचा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड आणि मेच्या पहिल्या आठवड्यात नीट, असे गणित असल्यामुळे मधल्या दीड-दोन महिन्यांत अकरावी नव्याने शिकणे कोणालाही शक्य नाही. २०२५ मध्ये बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली, नीट ४ मे रोजी झाली आणि बारावीचा निकाल तिच्या दुसऱ्याच दिवशी लागला. त्या काळात उजळणीच होऊ शकते. विशेषतः भौतिकशास्त्राबाबत मला हे सांगायचे आहे, की अकरावीला गणित सोडून जीवशास्त्राचा गट घेणाऱ्या मुलांनी सदिश, त्रिकोणमिती, लॉगॅरिदम आणि प्राथमिक विकलन-संकलन एवढे तरी पहिल्या दोन महिन्यांत शिकून घ्यावे. पुढे ‘मला फिजिक्स जमत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना वास्तविक फिजिक्स जमत असते, अडते ते गणित.

जीवशास्त्र पाठ करण्याचा विषय आहे, असे सगळेच सांगतात. मी ते अर्धेच मान्य करते. राधानगरीकडची एक मुलगी चाचणीनंतर तिचा चुकलेला प्रश्न घेऊन आली होती. प्रश्न ईसीजीच्या आलेखातल्या टी लाटेचा होता. टी लाट म्हणजे हृदयाच्या जवनिका उत्तेजित अवस्थेतून मूळ अवस्थेत परतण्याची नोंद, हे तिला पक्के पाठ होते आणि तिने तोच पर्याय निवडला होता. प्रश्नात विचारले होते ते टी लाटेच्या शेवटाबद्दल. तो शेवट म्हणजे आकुंचनाचा शेवट, आणि एनसीईआरटीच्या पुस्तकात हे वाक्य आधीच्या वाक्याला लागूनच छापलेले आहे. तिला दोन्ही वाक्ये येत होती. तिच्याकडून निसटला तो प्रश्नातला एक शब्द. त्या दिवसापासून तिने चुकांची वही केली आणि प्रत्येक चूक तीन रकान्यांपैकी एकात लिहायला लागली: ठाऊकच नव्हते, ठाऊक होते पण आठवले नाही, आणि प्रश्न नीट वाचला नाही. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात तिने पुन्हा वाचली ती ही वही आणि पुस्तकातल्या आकृत्यांखालच्या ओळी. जोड्या लावा आणि विधान-कारण अशा स्वरूपाचे प्रश्न वाढल्यापासून तिसऱ्या रकान्याचे महत्त्व फार वाढले आहे. जीवशास्त्राला आणखी एक वजन आहे: दोघांचे एकूण गुण सारखे झाले तर क्रम ठरवताना आधी जीवशास्त्राचे गुण पाहिले जातात.

अंदाजाने उत्तर द्यावे की नाही, यावर शिक्षकांतही मतभेद आहेत. ‘येत नसेल तर हात लावू नका’ हा सरसकट सल्ला मला पटत नाही, कारण हिशेब वेगळे सांगतो. चार पर्यायांपैकी काहीच ठाऊक नसताना चार प्रश्नांची उत्तरे दिली, तर सरासरीने एक बरोबर येते आणि तीन चुकतात. चारातून तीन वजा, म्हणजे हाती जेमतेम एक गुण उरतो आणि तोही नशिबावर. पण दोन पर्याय खात्रीने खोडता आले असतील, तर अशा प्रत्येक दोन प्रश्नांमागे सरासरी तीन गुण मिळतात. म्हणून पर्याय खोडण्याचा सराव करावा आणि दोन खोडता येतील तेथे उत्तर द्यावे, असे मी सांगते. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते आणि तिच्यासोबत इंग्रजी मजकूरही असतो. संदिग्धता आल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जातो. अकरावी-बारावी इंग्रजीतून शिकलेल्या मुलांनी इंग्रजीच निवडणे सोयीचे ठरते.

क्लासबद्दल थोडक्यात लिहिते. लातूरला पाठवावे का, कोटाला पाठवावे का, की कॉलेज आणि क्लास एकत्र चालणाऱ्या इथल्याच इंटिग्रेटेड वर्गात घालावे, हे प्रश्न पालकांना झोप लागू देत नाहीत, आणि त्यासाठी शेत गहाण टाकलेली घरे मी पाहिली आहेत. नियमित चाचण्या, त्यांचे प्रामाणिक विश्लेषण आणि शंका विचारता येईल असा शिक्षक, या तीन गोष्टी मिळत असतील तर कोल्हापूर सोडण्याची गरज नाही. चाचण्यांच्या वेळेचाही विचार व्हावा: परीक्षा दुपारी २ ते ५ या वेळेत होते, आणि रात्री जागून अभ्यास करण्याची सवय लागलेल्या मुलाला ऐन मे महिन्यातल्या दुपारी एकाग्र होणे जड जाते. शेवटचे काही महिने तरी सराव परीक्षा त्याच वेळेत द्याव्यात.

आता ज्यासाठी लिहायला बसले, त्या कागदपत्रांकडे येते. अकरावीच्या पालकसभेत मी हा विषय काढते, तेव्हा कोणी ना कोणी म्हणतेच, ‘मॅडम, आधी मार्क तर पडू देत, मग कागदाचं बघू.’ या बोलण्यामागची भावना मला समजते; घरातले पहिलेच मूल एवढ्या परीक्षेला बसत असते आणि आधीच कागद जमवणे त्यांना अपशकुनासारखे वाटते. तरीही मी तिथल्या तिथे यादी वाचून दाखवते. राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, तो दाखला समितीने तपासून दिलेले जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल त्याप्रमाणे नॉन क्रिमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय योग्यतेचे प्रमाणपत्र, आणि वर्ष वाया गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र. यांतले बहुतेक दाखले सेतू केंद्रातून आणि तहसील कार्यालयातून काही दिवसांत मिळतात. वैधता प्रमाणपत्राचे तसे नाही.

वैधतेसाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही. वडिलांकडच्या नात्यातला जुना पुरावा लागतो आणि तो ठरलेल्या तारखेच्या आधीचा असावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे शोध सुरू होतो तो आजोबा-पणजोबांपासून. आजोबा ज्या शाळेत शिकले, तेथून प्रवेश-निर्गम उतारा काढायचा; शाळेत गेलेच नसतील तर गाव नमुना १४, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्यातली जन्म-मृत्यूची नोंद तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळवायची. ही जुनी पाने पुष्कळदा मोडी लिपीत असतात, तेव्हा मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते. एका मुलाच्या कागदांत मी पाहिले, की रजिस्टरात आजोबांची नोंद ‘बाळू रामा’ एवढीच होती, आडनाव कोठेच नव्हते. त्यांच्या आधार कार्डावर ‘बाळासाहेब रामचंद्र’ आणि पुढे आडनाव असे सगळे होते. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, हे दाखवण्यासाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र, चुलत आजोबांचा शाळेचा दाखला, सातबाऱ्यावरचा वारसा फेरफार असे एकामागून एक पुरावे जोडावे लागले. हे सगळे अकरावीच्या दिवाळीत सुरू झाले होते, म्हणून बारावीच्या सुट्टीत प्रमाणपत्र हाती होते. निकालानंतर सुरू झाले असते तर त्या मुलाला खुल्या प्रवर्गातून फॉर्म भरावा लागला असता. वडिलांचे किंवा सख्ख्या काकांचे वैधता प्रमाणपत्र आधीच असेल तर मात्र काम बरेच सोपे होते, म्हणून भाऊबंदांकडे चौकशी सगळ्यांत आधी करावी. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या पत्रासह ऑनलाइन अर्ज करता येतो. जिल्हा जात पडताळणी समितीचे कार्यालय विचारेमाळावर सामाजिक न्याय भवनात आहे.

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातल्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, आणि खेड्यांतल्या मुलांना शिकता यावे म्हणून या शहरात बोर्डिंगे उभी केली. त्याच शहरात मुलाच्या हक्काची जागा एका उताऱ्यापायी अडावी, हे मला सहन होत नाही.

प्रवर्गाची निवड नीटच्या फॉर्मपासूनच विचारपूर्वक करावी लागते, कारण केंद्राच्या आणि राज्याच्या याद्या वेगळ्या आहेत. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून केंद्रीय समुपदेशन समिती भरते आणि उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याचा सीईटी कक्ष भरतो. भटक्या-विमुक्तांतल्या बहुतेक जाती केंद्राच्या यादीत ओबीसीमध्ये येतात, आणि त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातले वेगळे प्रमाणपत्र लागते. २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला राज्यात मिळालेला एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) प्रवर्ग केंद्रात नाही. फॉर्ममधला मोबाइल क्रमांक आणि ईमेल घरचाच असावा, हीदेखील बारीक वाटणारी पण मोलाची गोष्ट आहे; नेट कॅफेतल्या मुलाचा क्रमांक टाकलेला असतो आणि पुढे ओटीपीसाठी त्याला शोधत फिरावे लागते.

आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरच्या पालकांना एक गोष्ट फार आधी कळायला हवी. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. कागल किंवा गडहिंग्लजच्या सीमेवरच्या गावांतली मुले जवळ पडते म्हणून निपाणी, संकेश्वरच्या शाळेत जातात, दहावी कर्नाटकातून होते, आणि अकरावीला कोल्हापुरात आल्यावर हा नियम समोर येतो. ही चौकशी आठवीतच व्हायला हवी. वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी मुलांसाठी मोजक्या जागा वेगळ्या राखलेल्या आहेत. आजी-माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी आणि डोंगरी भागातल्या मुलांसाठीही जागा असतात. सैनिकी परंपरेच्या आणि घाटमाथ्यावरच्या आपल्या गावांना त्यांचा उपयोग आहे, फक्त माहितीपुस्तिकेतल्या अटी ओळीने वाचायला हव्यात.

पसंतीक्रम भरताना घराजवळच्या महाविद्यालयाचा मोह होतोच. सीपीआर रुग्णालयाशी जोडलेले राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच शहरात आहे. पण ७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के उरलेल्या राज्याला, हे विभागवार ७०:३० चे सूत्र २०२० मध्ये रद्द झाल्यापासून त्याच्या राज्य कोट्यातल्या जागांवर राज्यभरातल्या मुलांचा सारखाच हक्क आहे. म्हणून यादी लांब ठेवावी आणि ज्या महाविद्यालयात खरोखर जायची तयारी आहे, तीच नावे मनापासूनच्या क्रमाने लिहावीत. अभिमत विद्यापीठांचे प्रवेश केंद्रीय समिती करते आणि त्यांचे शुल्क फार मोठे असते. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्कात २०२४-२५ पासून पूर्ण सवलत आहे. हे ठाऊक नसल्यामुळे खासगी महाविद्यालयाचे नाव मुलीच्या यादीतून खोडणारे वडील मला भेटले आहेत. सरकारी महाविद्यालयातून शिकल्यावर एक वर्षाची सेवा बंधनकारक असते, हेही आधीच मुलांशी बोलावे.

जागा मिळाली नाही तर पुन्हा बसायचे का, याला एकच उत्तर नाही. चुकांच्या वहीतला पहिला रकाना मोठा असेल, म्हणजे अकरावीचा भागच राहून गेला असेल, आणि मुलाची स्वतःची इच्छा असेल, तर एक वर्ष देणे योग्य वाटते. सगळे येऊनही गुण थांबत असतील, तर बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, पशुवैद्यक यांचाही प्रवेश याच गुणांवर होतो, आणि तेथे मनापासून रमलेले माझे विद्यार्थी आहेत. पुन्हा बसणाऱ्यांनी गॅपचे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे, आणि नॉन क्रिमी लेयरची मुदत पाहावी. ती ३१ मार्चला संपते, म्हणून नव्या वर्षाचे प्रमाणपत्र एप्रिलमध्येच, नीटच्या आधी, काढून घ्यावे.